मुद्रित मंडलाची स्वच्छता : फ्लक्सचा अवशेष, सीएफसी-११३ आणि मानकांचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधांना जेवढे स्थान मिळते, तेवढे धुणे, पुसणे, देखभाल करणे या कामांना मिळत नाही. रेडिओ, संगणक व उपग्रह यांच्या जडणघडणीविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु या साधनांच्या पोटातील मुद्रित मंडलाचा फलक, म्हणजे नित्याच्या बोलण्यातला सर्किट बोर्ड, डाख देऊन झाल्यावर कशाने धुतला जात असे, तो धुणे का आवश्यक मानले गेले आणि त्यावरून निघालेला मळ अखेरीस कोठे गेला, हे प्रश्न इतिहासाचे विषय म्हणून क्वचितच हाताळले गेले. कारखान्यातील धुण्याची टाकी ही इतिहासकाराच्या दृष्टीने फार किरकोळ वस्तू ठरली.

वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पृथ्वीच्या ओझोन थरावर जे संकट ओढवले, त्याचा एक धागा थेट या टाकीपर्यंत पोहोचतो. त्याच टाकीशी कॅलिफोर्नियातील विहिरींचे पाणी, तैवान व चीनमधील कामगारांचे आरोग्य आणि विकसनशील राष्ट्रांची निर्यात हे विषयही जोडलेले आहेत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातील सर्किट बोर्ड स्वच्छतेचा मागोवा घेतला असून, त्यातून एक मुद्दा मांडण्याचा प्रयत्न केला आहे. तो असा की, स्वच्छतेचे मानक जेव्हा फलनिष्पत्तीऐवजी विशिष्ट द्रव्याचे नाव लिहून ठेवते, तेव्हा ते द्रव्य प्रश्नाच्या कक्षेबाहेर जाते. आणि मानकाने पुन्हा फलनिष्पत्ती विचारली, की दीर्घकाळ अपरिहार्य समजले गेलेले कामही अनावश्यक ठरू शकते.

१. डाख, राळ आणि अवशेष

महाराष्ट्रात एके काळी घरोघरी कल्हईवाला येत असे. तापलेल्या भांड्यावर नवसागराची पूड टाकून तो कापसाच्या बोळ्याने घासत असे आणि मगच कथील फिरवत असे. तांब्या-पितळेच्या पृष्ठभागावर हवेमुळे ऑक्साइडचा पातळ थर बसलेला असतो. तो निघाल्याखेरीज कथील धरत नाही. नवसागर तो थर काढून टाकतो. नंतर भांडे पाण्यात बुडवले की उरलासुरला नवसागर धुऊन जातो. धातूला धातू धरावा म्हणून मध्ये वापरल्या जाणाऱ्या अशा द्रव्यालाच उद्योगजगतात फ्लक्स म्हणतात.

विद्युत जोडणीतही तत्त्व तेच आहे. कथील व शिसे यांचे ६३ व ३७ टक्के प्रमाणातील मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांब्याच्या तारेला घट्ट बसते, पण त्याआधी ऑक्साइड निघावा लागतो. येथे नवसागर किंवा जस्ताचे क्लोराइड वापरता येत नाही. भांडे मोकळे असते, ते खळखळून धुता येते. विद्युत जोडणीतील सांध्याच्या फटीत अडकलेले क्लोराइड मात्र तेथेच राहते व तार हळूहळू कुरतडते. म्हणून रेडिओ उद्योगाने राळ स्वीकारली. पाइनवर्गीय वृक्षांच्या डिंकातून टर्पेंटाइन वेगळे काढल्यावर जो घन पदार्थ उरतो, ती ही राळ. तिच्यातील ॲबिएटिक आम्ल उष्णतेत ऑक्साइड विरघळवते आणि थंड झाल्यावर निष्क्रिय व विद्युत्‌रोधक बनते. केवळ राळ पुरेशी तीव्र नसल्यामुळे तिच्यात अमाइनांचे हॅलाइड क्षार अल्प प्रमाणात मिसळण्याची प्रथा पडली. थंड झालेली राळ या क्षारांना आपल्यात बंदिस्त करून ठेवते.

हे कवच भंगले तर काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. बोर्डावर आयनयुक्त क्षार, हवेतील आर्द्रता आणि दोन वाहक पट्ट्यांमधील विद्युतदाब हे तीन घटक एकत्र आले, की धनाग्राकडील धातू आयनरूपाने विरघळतो, आर्द्रतेच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यातून ऋणाग्राकडे सरकतो व तेथे साचतो. साचत गेलेला धातू फांद्याफांद्यांनी वाढतो आणि एके दिवशी दोन पट्ट्या जोडल्या जाऊन यंत्र बंद पडते. समुद्रकाठची खारी हवा किंवा पावसाळ्यातील दमटपणा या क्रियेला पोषकच ठरतो. अवशेष धुण्यामागील शास्त्रीय कारण ते हेच.

तथापि येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. घरगुती रेडिओ व दूरचित्रवाणी संचांत राळेचा अवशेष बहुधा तसाच राहू दिला जात असे. जुना रेडिओ उघडल्यास सांध्यांभोवती पिवळसर, काचेसारखी राळ आजही पाहावयास मिळते. म्हणजेच प्रत्येक अवशेष घातक असतो, असा उद्योगाचा अनुभव प्रारंभी नव्हता.

२. धुण्याची सक्ती आणि लष्करी मानके

व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आयझलर यांनी इंग्लंडमध्ये मुद्रित मंडलाची कल्पना विकसित केली आणि १९४३ साली तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांच्या सान्निध्य-स्फोटकांत मुद्रित मंडलांचा उपयोग केला. १९४९ मध्ये अमेरिकी भूदलाच्या संदेशवहन विभागाने घटकांच्या तारा फलकाच्या छिद्रांतून ओवून सर्व सांध्यांना एकदम डाख देण्याची पद्धत पुढे आणली. १९५० च्या दशकात वितळलेल्या डाखाच्या लाटेवरून संपूर्ण बोर्ड सरकवण्याचे यंत्र आले. कारागिराने एकेका सांध्याला डाख देण्याचे दिवस मागे पडले.

या बदलाचा अवशेषावर थेट परिणाम झाला. पूर्वी फ्लक्स सांध्यापुरता लागत असे. आता तो बोर्डाच्या सबंध खालच्या बाजूस लावावा लागे, आणि त्यात घन द्रव्याचे प्रमाण साधारण १५ ते ३५ टक्के असे. परिणामी चिकट थर सर्वत्र पसरू लागला. बोर्डाची विद्युत तपासणी करणाऱ्या सुयांची टोके त्याने बरबटत. ओलाव्यापासून संरक्षण म्हणून दिला जाणारा लेप त्यावर नीट धरत नसे. शिवाय क्षेपणास्त्रे, विमाने व युद्धनौका यांवरील उपकरणांना तापमान व आर्द्रतेचे तीव्र फेरफार सोसावे लागत. तेथे राळेचे कवच तडकण्याची भीती होती. त्यामुळे शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करी मानकांनी राळयुक्त फ्लक्स आणि त्यानंतर विद्रावकाने धुणे या दोन्ही गोष्टी बंधनकारक केल्या.

धुतलेला बोर्ड खरोखर स्वच्छ आहे की नाही, हे ठरवण्याची पद्धत १९७० च्या दशकाच्या आरंभी इंडियानापोलिस येथील अमेरिकी नौदलाच्या विमान-उपकरण केंद्रात तयार झाली. ७५ भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल व २५ भाग पाणी या मिश्रणाने बोर्ड धुवायचा आणि त्या धुवणाचा विद्युतरोध किती घटला हे मोजायचे, अशी ती साधी युक्ती होती. एका चौरस सेंटिमीटरवर १.५६ मायक्रोग्रॅम मिठाएवढ्या आयनांपर्यंत बोर्ड स्वच्छ समजावा, अशी मर्यादा लष्करी मानकात नमूद झाली. तत्कालीन राळयुक्त फ्लक्स व तत्कालीन बोर्ड यांच्यावरील अनुभवातून हा आकडा आला होता. पुढे मात्र तो आपल्या जन्मस्थितीपासून सुटला आणि जगभरच्या कारखान्यांत स्वच्छतेची सार्वत्रिक व्याख्या होऊन बसला.

अमेरिकी लष्करासाठी माल पुरवणाऱ्यांनी हे मानक पाळलेच, पण इतर देशांतील लष्करे, दूरध्वनी कंपन्या व नागरी उत्पादक यांनीही तेच उचलले. लष्कराला जे चालते ते विश्वासार्ह, हा समज त्यामागे होता. अशा रीतीने एका ग्राहकाची अट संपूर्ण उद्योगाची सवय बनली.

३. विद्रावकांची परंपरा आणि विहिरीचे पाणी

राळ पाण्यात विरघळत नाही. तिला विद्रावक लागतो. प्रारंभीच्या काळात धातू उद्योगात रुळलेले क्लोरीनयुक्त विद्रावक येथेही आले : कार्बन टेट्राक्लोराइड, ट्रायक्लोरोएथिलीन आणि १,१,१-ट्रायक्लोरोएथेन. ते पेट घेत नाहीत व चिकटा झटपट काढतात. त्यांच्यासाठी वापरले जाणारे बाष्प-धुलाईचे यंत्र कल्पक होते. टाकीच्या तळाशी विद्रावक उकळत असे, वर त्याचे जड बाष्प तरंगत असे आणि थंड बोर्ड त्यात धरला की बाष्पाचे थेंब होऊन मळ घेऊन खाली गळत. वर चढणारे बाष्प नेहमी शुद्ध असल्यामुळे प्रत्येक बोर्डाला ताजा विद्रावक मिळे.

या द्रव्यांचे दुष्परिणाम दोन दिशांनी उघड झाले. कार्बन टेट्राक्लोराइड यकृतास अपाय करते, हे लवकर ध्यानी आले. ट्रायक्लोरोएथिलीन सूर्यप्रकाशात धूरधुके वाढवण्यास हातभार लावते म्हणून लॉस एंजलिस परगण्याने १९६६ साली त्याच्या वापरावर बंधने आणली. अशा नियमांमुळे उद्योग १,१,१-ट्रायक्लोरोएथेन व सीएफसी-११३ यांच्याकडे वळला. जमिनीलगतची हवा शुद्ध राखण्यासाठी केलेल्या नियमाने वरच्या हवेचे नुकसान करणाऱ्या द्रव्यांना चालना द्यावी, हा या इतिहासातील एक विपर्यास होय. नियम करणाऱ्यांना त्या वेळी त्याची कल्पना असणे शक्य नव्हते.

दुसरी दिशा जमिनीखालची होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी सॅन होजे शहरातील एका अर्धसंवाहक कारखान्याच्या भूमिगत टाकीतून १,१,१-ट्रायक्लोरोएथेन झिरपून जवळच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत पोहोचल्याचे आढळले. तोवर धूर न सोडणारा हा उद्योग स्वच्छ उद्योग म्हणून ओळखला जाई. पुढील शोधात सांता क्लारा परगण्यात ठिकठिकाणी असेच प्रकार सापडले आणि तेथील २३ स्थळे केंद्र सरकारच्या सर्वाधिक दूषित स्थळांच्या यादीत दाखल झाली. इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या धुण्याच्या सवयीचा हिशेब प्रथम भूजलात मांडला गेला.

४. सीएफसी-११३ : निर्दोष मानलेला द्रव

क्लोरोफ्लुरोकार्बनांचा औद्योगिक इतिहास १९२८ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांच्या शीतक द्रव्यावरील कामापासून सुरू होतो. या कुळातील ट्रायक्लोरोट्रायफ्लुरोएथेन, म्हणजेच सीएफसी-११३, विद्रावक म्हणून विशेष सोयीचे ठरले. ते सुमारे ४७.६ अंशांना उकळते, त्यामुळे बोर्डावरील नाजूक घटकांना ताप लागत नाही. ते पेटत नाही, त्याची विषारकता अल्प आहे, प्लास्टिक व रंग यांना ते धक्का लावत नाही आणि पृष्ठताण कमी असल्याने अरुंद फटींत शिरते. केवळ सीएफसी-११३ आयनयुक्त क्षार विरघळवू शकत नाही. म्हणून त्यात मेथेनॉल वा एथेनॉल मिसळून स्थिर प्रमाणात उकळणारी मिश्रणे तयार करण्यात आली. कामगाराच्या दृष्टीनेही हे द्रव्य पूर्वीच्या विद्रावकांपेक्षा निश्चितपणे सुरक्षित होते. त्यामुळे त्याचा स्वीकार हा निष्काळजीपणा नव्हता. त्या काळच्या ज्ञानानुसार तो विवेकाचा निर्णय होता.

२८ जून १९७४ रोजी मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड यांचा शोधनिबंध नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. क्लोरोफ्लुरोकार्बने खालच्या वातावरणात नष्ट होत नाहीत, ती स्थितांबरात पोहोचतात, तेथे अतिनील किरणांनी त्यांतील क्लोरीन सुटते आणि तो ओझोनचा नाश करतो, असे प्रतिपादन त्यांनी केले. सार्वजनिक चर्चा मुख्यतः फवारणीच्या डब्यांभोवती फिरली आणि १९७८ मध्ये अमेरिकेने अनावश्यक फवाऱ्यांतील वापरावर बंदी घातली. धुण्याच्या टाक्यांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. याच काळात संगणक व दूरसंचार उद्योगाची भरभराट होऊन सीएफसी-११३ चा खप वाढत राहिला.

शीतकपाटातील वायू वर्षानुवर्षे नळ्यांत बंदिस्त राहतो. विद्रावकाचे तसे नसते. बोर्डाबरोबर चिकटून बाहेर येणारा, टाकीच्या उघड्या तोंडातून निसटणारा आणि गळतीतून जाणारा अंश धरता, विकत घेतलेला बहुतेक विद्रावक अल्पावधीतच हवेत जात असे. त्याची ओझोन-क्षयक्षमता सीएफसी-११ च्या तुलनेत ०.८ मानली जाते. बोर्ड चकचकीत होऊन बाहेर पडे आणि त्याचा मळ काढणारे द्रव्य पुढील जवळपास शतकभर वातावरणात राही.

५. मॉन्ट्रियल करार आणि मानकाची पुनर्परीक्षा

मे १९८५ मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँक्लिन यांनी अंटार्क्टिकावरील ओझोनच्या वासंतिक घटीची मोजमापे प्रसिद्ध केली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे झालेल्या कराराच्या मूळ यादीतील पाच क्लोरोफ्लुरोकार्बनांत सीएफसी-११३ चा समावेश होता. करार १ जानेवारी १९८९ पासून अमलात आला.

इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचा प्रारंभीचा सूर निराशेचा होता. पर्याय नाही, असे सांगितले जाई. बारकाईने पाहता या विधानाचा अर्थ, मानकाने मान्य केलेला पर्याय नाही, एवढाच होता. जानेवारी १९८८ मध्ये अमेरिकेतील एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने संत्र्याच्या सालीपासून मिळणाऱ्या लिमोनीनवर आधारित विद्रावक सीएफसी-११३ ऐवजी वापरता येतो, असे जाहीर केले. टर्पेंटाइन काढून उरलेली राळ ही टर्पीन वर्गातील तेलात विरघळावी, यात रसायनशास्त्राच्या दृष्टीने नवल काही नव्हते. नवल असलेच तर ते, हा प्रयोग करण्याची गरज तोवर भासली नव्हती, यात होते.

पुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे ठरले. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, संरक्षण खाते आणि मुद्रित मंडल उद्योगाची आयपीसी ही संघटना यांनी एकत्र येऊन एक चाचणी आखली. ठरावीक नमुना-बोर्ड सीएफसी-११३ व मेथेनॉल यांच्या मिश्रणाने धुवायचा, त्यावर किती अवशेष उरतो हे मोजायचे आणि तेवढी किंवा त्याहून चांगली स्वच्छता देणाऱ्या कोणत्याही द्रव्यास मान्यता द्यायची, असा तो क्रम होता. टर्पीन विद्रावक आणि साबणीकरण करणारी पाण्यावर आधारलेली द्रव्ये या कसोटीस उतरली. ज्या द्रव्याशिवाय लष्करी विश्वासार्हता अशक्य समजली जात होती, ते द्रव्य अशा तुलनेत प्रथमच उभे केले गेले होते.

१९८९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी ओझोन थराच्या संरक्षणासाठी एक सहकारी संस्था स्थापन केली व पर्यायांची माहिती परस्परांत आणि विकसनशील देशांत खुली केली. कॅनडाच्या नॉर्दर्न टेलिकॉमने १९८८ मध्ये तीन वर्षांत सीएफसी-११३ सोडण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आणि ते गाठले. या बदलावर कंपनीचे सुमारे १० लाख डॉलर खर्च झाले व विद्रावकाची खरेदी आणि विल्हेवाट यांतील सुमारे ४० लाख डॉलर वाचले, अशी नोंद आहे. जून १९९० च्या लंडन दुरुस्तीने क्लोरोफ्लुरोकार्बनांच्या समाप्तीसाठी २००० हे वर्ष ठरवले, तर नोव्हेंबर १९९२ च्या कोपनहेगन बैठकीने विकसित देशांसाठी ती मुदत १ जानेवारी १९९६ पर्यंत अलीकडे आणली. कार्बन टेट्राक्लोराइड व १,१,१-ट्रायक्लोरोएथेन यांचाही कराराच्या कक्षेत समावेश झाला.

६. न धुण्याचा पर्याय

धुण्यासाठी दुसरे द्रव्य शोधता शोधता उद्योगाला मूळ प्रश्नाकडे यावे लागले : अवशेषच निरुपद्रवी असेल तर धुवायचे कशासाठी? घन द्रव्याचे प्रमाण दोन ते पाच टक्क्यांपर्यंत खाली आणलेले, सौम्य सेंद्रिय आम्लांवर चालणारे फ्लक्स तयार झाले. डाख देताना भोवती नायट्रोजन वायू ठेवला, तर ऑक्साइड बनण्याचेच प्रमाण घटते आणि फ्लक्सही थोडा पुरतो. नॉर्दर्न टेलिकॉमने मिळवलेले यश प्रामुख्याने या मार्गाचे होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस घरगुती व दूरसंचार उपकरणांच्या उत्पादनात न धुण्याची पद्धत सर्वसामान्य झाली.

यातून दोन गोष्टी दिसून येतात. एक, धुण्याच्या सक्तीमागे शास्त्रीय गरज व संस्थात्मक सवय या दोहोंचे मिश्रण होते आणि करार होईपर्यंत त्यांची फाळणी करण्याचे कारण कोणालाच पडले नव्हते. दोन, न धुण्याचा पर्याय म्हणजे निष्काळजीपणाला परवानगी नव्हे. धुण्याच्या टप्प्यावर पूर्वी पदरात घेतल्या जाणाऱ्या चुका आता आधीच टाळाव्या लागल्या : घटक स्वच्छ हवेत, हाताचा घाम बोर्डाला लागता कामा नये, फ्लक्स मोजून पडला पाहिजे. स्वच्छता प्रक्रियेच्या शेवटाकडून आरंभाकडे सरकली, असे म्हणता येईल.

मात्र हा अखेरचा शब्द ठरला नाही. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध लागू केले. कथील, चांदी व तांबे यांचे नवे डाख सुमारे २१७ ते २२० अंशांना वितळते. त्या अधिक उष्णतेत अवशेष करपून घट्ट बसतो. घटक लहान झाले आणि त्यांच्या खालची जागा इतकी अरुंद झाली, की फ्लक्सची वाफ तेथून पूर्णपणे निघत नाही. त्यामुळे वैद्यकीय, अवकाश व वाहन उद्योगांत धुणे पुन्हा महत्त्वाचे ठरले आहे. १.५६ हा जुना आकडाही या परिस्थितीत अपुरा पडला, कारण संपूर्ण बोर्डावरील सरासरी समाधानकारक असतानाही एखाद्या घटकाखाली क्षार साचलेले असू शकतात. २०१८ मध्ये आयपीसीच्या डाख-जोडणीविषयक मानकात दुरुस्ती होऊन, केवळ या आकड्यावर स्वच्छता सिद्ध झाल्याचे मानू नये आणि उत्पादकाने आपल्या प्रक्रियेची विश्वासार्हता स्वतंत्र पुराव्याने दाखवावी, अशी भूमिका घेतली गेली. जवळपास अर्धशतक एका आकड्याने चालवलेली सत्ता अशा रीतीने संपली.

७. भारत आणि विकसनशील देशांचा प्रश्न

भारताने १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करारावर स्वाक्षरी केली नाही. क्लोरोफ्लुरोकार्बनांचा बहुतांश वापर औद्योगिक राष्ट्रांनी केला असताना त्यांच्या त्यागाचा भार सर्वांनी सारखा उचलावा, हे न्याय्य नाही, अशी भारताची भूमिका होती. १९९० च्या लंडन बैठकीत तत्कालीन पर्यावरणमंत्री मेनका गांधी यांनी ती आग्रहाने मांडली. त्या बैठकीत बहुपक्षीय निधीची योजना मान्य झाली. तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलरचा हा निधी भारत व चीन सहभागी झाल्यास २४ कोटींपर्यंत वाढवण्याचे ठरले. या तरतुदीतूनच दोन्ही देशांच्या सहभागाचे मोल स्पष्ट होते. भारत १९ जून १९९२ रोजी कराराचा पक्ष झाला.

सर्किट बोर्डांच्या बाबतीत या प्रश्नाला व्यापाराची बाजू होती. मुंबईत अंधेरी येथे १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच सीप्झ, स्थापन झाले होते. इलेक्ट्रॉनिक्सची निर्यात हे त्याचे घोषित प्रयोजन होते. मॉन्ट्रियल करारात ओझोन-क्षयकारी द्रव्यांच्या करारबाह्य देशांशी होणाऱ्या व्यापारावर निर्बंध होतेच, शिवाय अशी द्रव्ये ज्यांच्या निर्मितीत वापरली गेली पण अंतिम वस्तूत उरली नाहीत, त्या वस्तूंवरही निर्बंध घालता येतील का, याचा विचार करण्याचे कलम होते. सीएफसीने धुतलेला बोर्ड हे त्याचे नेमके उदाहरण. अशा वस्तू ओळखणे व्यवहार्य नसल्यामुळे हे पाऊल पुढे उचलले गेले नाही. तथापि अमेरिकेच्या १९९० च्या हवा स्वच्छता कायद्यातील दुरुस्तीनुसार १५ मे १९९३ पासून अशा द्रव्यांच्या साहाय्याने तयार झालेल्या वस्तूंवर इशाऱ्याची चिठ्ठी लावणे आवश्यक ठरले, आणि आयात माल त्यास अपवाद नव्हता. निर्यातदाराला पर्याय निवडावयास लावणारे बळ पर्यावरण-जाणिवेइतकेच बाजारपेठेचेही होते, हे यावरून दिसते.

भारतात ओझोन-क्षयकारी द्रव्यांचे नियमन करणारे नियम २००० साली लागू झाले. बहुपक्षीय निधीच्या साहाय्याने सीएफसीचे उत्पादन, दम्याच्या फवाऱ्यांसारख्या औषधी वापराचा अपवाद वगळता, १ ऑगस्ट २००८ रोजी, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी बंद झाले. कार्बन टेट्राक्लोराइडचा विद्रावक म्हणून होणारा वापर २०१० च्या मुदतीने संपुष्टात आणावयाचा होता. औद्योगिक क्षेत्राने हे अंतर कापले असले, तरी दुरुस्तीच्या लहान दुकानांत थिनर वा अल्कोहोल आणि जुना ब्रश यांवरच आजही बोर्ड साफ होतात. बंद जागेत दिवसभर ती वाफ श्वासावाटे घेणाऱ्या कारागिरापर्यंत आंतरराष्ट्रीय करारांची भाषा पोहोचत नाही.

८. कामगारांचे आरोग्य : अपुरे राहिलेले प्रकरण

ओझोनचा प्रश्न सुटण्याच्या मार्गाला लागला तरी विद्रावकांचा सर्व हिशेब मिटला असे म्हणता येत नाही. तैवानमधील ताओयुआन येथे एका अमेरिकन कंपनीचा दूरचित्रवाणी संचांचे भाग बनवणारा कारखाना १९७० ते १९९२ पर्यंत चालला. तेथील माती व भूजल क्लोरीनयुक्त विद्रावकांनी दूषित झाल्याचे १९९४ मध्ये उजेडात आले आणि कर्करोग झालेल्या माजी कामगारांनी दीर्घ न्यायालयीन लढा दिला. २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अनेकांच्या भरपाईचा हक्क मान्य केला. यातील बहुसंख्य कामगार स्त्रिया होत्या. ट्रायक्लोरोएथिलीन मानवात कर्करोग निर्माण करते, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये केले.

पर्याय म्हणून आलेली द्रव्येही निर्धोक निघाली नाहीत. १९९० च्या दशकात पुढे आलेल्या एन-प्रोपिल ब्रोमाइडने कामगारांच्या मज्जासंस्थेस अपाय होत असल्याचे निदर्शनास आले. अमेरिकेने जानेवारी २०२२ मध्ये त्याची नोंद घातक हवाप्रदूषकांत केली. चीनमधील सुचौ येथील एका कारखान्यात स्पर्शपटल पुसण्यासाठी अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन वापरले गेले, कारण ते लवकर उडते व काम भराभर होते. २००९ च्या सुमारास तेथील शंभरावर कामगारांना हातापायांचा अशक्तपणा व बधिरपणा आला. येथे सर्किट बोर्ड नसून काच होती; परंतु निर्णयाचा साचा तोच होता. द्रव्य निवडताना ते किती वेगाने उडते हे पाहिले गेले. उडून कोठे जाते हे पाहिले गेले नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला निष्कर्ष असा की, स्वच्छतेच्या क्रियेत मळ नाहीसा होत नाही. तो जागा बदलतो. सर्किट बोर्डाच्या इतिहासात त्याने क्रमाक्रमाने भूजल, स्थितांबर आणि कामगारांचे शरीर यांत आश्रय घेतला. बोर्डावरील आयन मायक्रोग्रॅममध्ये मोजणाऱ्या यंत्रणेजवळ या तिन्ही ठिकाणांसाठी दीर्घकाळ कोणतेही माप नव्हते.

दुसरा निष्कर्ष मानकांविषयी आहे. लष्करी मानकांनी विश्वासार्हता निर्माण केली, हे नाकारता येणार नाही. परंतु त्यांनी फलनिष्पत्तीबरोबर साधनही ठरवून दिले आणि साधन बदलण्याची वाट बंद केली. ही वाट मोकळी करण्यासाठी नव्या मूलद्रव्याचा शोध लागला नाही. सालीचे तेल, पाणी, साबण व नायट्रोजन ही सर्व द्रव्ये पूर्वीपासून उपलब्ध होती. तुलनात्मक चाचणीची संधी देणारा राजकीय निर्णय मात्र हवा होता, आणि तो मॉन्ट्रियलमध्ये झाला.

तिसरा निष्कर्ष यशाच्या मर्यादेविषयी आहे. वातावरणातील सीएफसी-११३ चे प्रमाण १९९० च्या दशकाच्या मध्यास शिगेला पोहोचून तेव्हापासून संथपणे घटत आहे. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय आढाव्यानुसार अंटार्क्टिकावरील ओझोन १९८० च्या पातळीवर येण्यास सुमारे २०६६ साल उजाडेल. एका पिढीने बोर्ड धुतले. त्याची भरपाई पुढच्या तीन पिढ्यांच्या आयुष्यात पूर्ण होणार आहे. असे असले तरी, जगातील सर्व राष्ट्रांनी स्वीकारलेला हा करार सामूहिक शहाणपणाचे दुर्मीळ उदाहरण म्हणून मान्य करावा लागतो. जे शहाणपण आकाशाच्या बाबतीत दाखवले गेले, ते टाकीजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत अद्याप तेवढ्या निश्चयाने दाखवले गेलेले नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनाने या माणसाची नोंद घेणे, हे त्या दिशेने टाकलेले एक पाऊल ठरेल.